दुरावलेल्या पतिपत्नींचे पुनर्मीलन आणि ऐतिहासिक कादंबरी : नेपोलियन आणि जोसेफिन, ऑक्टोबर १७९९

धागाकर्ती :

ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये एक ठरीव साचा वारंवार भेटतो. नवराबायकोचे बिनसते, ती दूरच्या वाड्यात राहू लागते, तो लढाईवर निघून जातो, आणि काही वर्षांनी एखादे दडवलेले पत्र सापडते किंवा कुणा नातेवाइकाचे कारस्थान उघडे पडते, की लगेच दोघांचे मनोमीलन होते. दुरावा गैरसमजातून आलेला असल्यामुळे गैरसमज फिटला की सारे प्रकरणच मिटते. हा साचा मला पटत नाही, कारण त्यात कोणालाच कोणाला क्षमा करावी लागत नाही. कानावर आलेले सगळे खरे निघाले तर पुढे काय, हा प्रश्न अशा कथा शिताफीने टाळतात. म्हणून ज्या घटनेत सगळे खरेच होते, आणि तरीही संसार पुन्हा उभा राहिला, अशी एक घटना येथे सविस्तर मांडते.

नेपोलियन बोनापार्ट आणि जोसेफिन यांचे लग्न ९ मार्च १७९६ रोजी पॅरिसमध्ये झाले. तो २६ वर्षांचा होता. ती ३२ वर्षांची, दोन मुलांची आई आणि विधवा होती. पहिला पती अलेक्झांद्र द बोआर्ने याच्यापासून ती १७८५ मध्येच कायदेशीररीत्या वेगळी झालेली होती. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीतील दहशतीच्या काळात दोघेही एकाच तुरुंगात डांबले गेले आणि जुलै १७९४ मध्ये अलेक्झांद्रचा शिरच्छेद झाला. ती मात्र वाचली. लग्नाच्या दाखल्यात नेपोलियनचे वय वाढवून आणि तिचे चार वर्षांनी घटवून दोघांना जवळपास एका वयाचे दाखवले आहे. लग्नानंतर दोनच दिवसांनी तो इटलीच्या मोहिमेवर रवाना झाला.

इटलीहून त्याने तिला लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात वाचायला मिळतात. रोजच्या कूचमधून वेळ काढून लिहिलेल्या त्या पत्रांत तो तिच्या दोन ओळींसाठी अक्षरशः विनवण्या करतो, रागावतो आणि पुढच्याच वाक्यात स्वतःच विरघळतो. तिची उत्तरे थोडी आणि त्रोटक असत. जुलै १७९६ मध्ये ती मिलानला पोहोचली तेव्हा तिच्यासोबतच्या मंडळींत इपोलित शार्ल नावाचा तरुण घोडदळ अधिकारी होता, आणि दोघांचे संबंध पॅरिसच्या वर्तुळात लपून राहिलेले नव्हते. या टप्प्यावर प्रेमाचे सगळे ओझे एकट्या नेपोलियनच्या खांद्यावर होते, ही गोष्ट पुढचे समजण्यासाठी लक्षात ठेवावी लागते.

मे १७९८ मध्ये तो तुलोन बंदरातून इजिप्तकडे निघाला. तेथे गेल्यावर त्याच्या निकटच्या माणसांनी त्याला शार्लविषयी जे सांगितले, त्यानंतर कैरोहून त्याने थोरला भाऊ जोसेफ याला लिहिले की आता डोळ्यांवरचा पडदा पूर्णपणे फाटला आहे. जोसेफिनचा मुलगा यूजेन तेव्हा त्याच्याच तैनातीत होता. सोळा वर्षांच्या त्या मुलाने त्याच सुमारास आईला पत्र लिहून कळवले की सेनापतींना सगळे समजले आहे, पण माझ्याशी ते पूर्वीपेक्षाही मायेने वागतात. ही पत्रे फ्रान्सला पोहोचलीच नाहीत. ब्रिटिश आरमाराने ती वाटेत पकडली आणि त्यांतील मजकुराची चर्चा लंडनमध्ये झाली. घरातली गोष्ट शत्रूच्या चावडीवर गेली, आणि जिचे ते पत्र होते तिच्या हाती ते पडले नाही.

९ ऑक्टोबर १७९९ रोजी नेपोलियन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. पॅरिसमध्ये जोसेफिन त्या वेळी डिरेक्टरीचे, म्हणजे तेव्हा फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळाचे, अध्यक्ष गोइए यांच्याकडे जेवायला गेली होती. बातमी कळताच ती मुलगी ओर्तांस हिला घेऊन ल्योंच्या दिशेने निघाली, कारण दीर त्याच्या कानाशी लागण्यापूर्वी आपण त्याला गाठले पाहिजे हे ती जाणून होती. तिने बर्गंडीचा रस्ता धरला आणि तो बूर्बोनेच्या रस्त्याने आला. दोघांची चुकामूक झाली. १६ तारखेला तो घरी पोहोचला तेव्हा घर रिकामे होते, आणि आई, भाऊ व बहिणी यांना हवे ते सांगायला दोन दिवस मोकळे मिळाले.

ती परतली तेव्हा त्याने खोलीचे दार आतून लावून घेतले होते. ती दाराशी बसून रडत, विनवत राहिली. बराच वेळ गेल्यावर तिने यूजेन आणि ओर्तांस यांना बोलावले आणि दोन्ही मुलांनी सावत्र वडिलांची मनधरणी केली. अखेर दार उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भाऊ ल्युसियाँ आला तेव्हा त्याला पतिपत्नी एकत्रच दिसले, असे सांगतात.

आता माझा मुद्दा. या प्रसंगाचे मोल केवळ त्यातल्या अश्रूंवरून ठरत नाही. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये घटस्फोट फार सोपा झाला होता. परस्परसंमतीने तो मिळत असे, आणि स्वभाव जुळत नाहीत एवढे कारण देऊन एकट्याने अर्ज केला तरी ठरावीक मुदतीनंतर मिळत असे. नेपोलियनच्या हाती पुरावा होता, सगळे घराणे पाठीशी होते आणि कायदाही अनुकूल होता. मूलबाळ नव्हते. बाहेर पडण्याची वाट सताड उघडी असताना तो थांबला, म्हणूनच त्या थांबण्याला अर्थ आहे. दुरावलेल्या जोडप्याची ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याने आधी त्या काळी वेगळे होणे कितपत शक्य होते हे तपासावे, आणि मगच एकत्र येण्याचा प्रसंग लिहायला घ्यावा, असे मला ठामपणे वाटते. आपल्याला काय वाटते?

प्रतिसाद १ :

विषय फार चांगला निवडला आहे. तरीही बंद दाराच्या प्रसंगाविषयी थोडी सावधगिरी सुचवतो. तो आपल्यापर्यंत मुख्यतः आठवणींतून आला आहे. मादाम द रेम्युझा १८०२ पासून जोसेफिनच्या सेवेत होत्या, म्हणजे १७९९ ची हकीकत त्यांनी ऐकलेली आहे, पाहिलेली नाही, आणि त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या त्या १८७९ पासून पुढे. बूरिएन हा नेपोलियनचा चिटणीस इजिप्तपासून सोबत होता खरा, पण पुढे तो मर्जीतून उतरला आणि १८२९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींवर दुसऱ्याचा हातही फिरला आहे. त्यामुळे राग एका रात्रीत निवळला की त्याला काही दिवस लागले, याबाबत एकवाक्यता नाही.

कादंबरीकाराला याचा फायदाच होतो. खोलीच्या आत काय बोलणे झाले हे लिहिण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे. चुकलेले रस्ते, रिकामे घर आणि मुलांची मध्यस्थी मात्र त्याने बदलू नये. त्यातही रस्त्यांची चुकामूक मला सर्वांत नाट्यमय वाटते, कारण ती कोणी घडवून आणलेली नाही. एका बंद घोडागाडीत बसलेली स्त्री प्रत्येक ठाण्यावर घोडे बदलताना चौकशी करते आहे आणि तिला हळूहळू कळते आहे की तो या वाटेने आलेलाच नाही. केवळ या प्रवासावर पूर्ण प्रकरण लिहिता येईल.

प्रतिसाद २ :

धागाकर्तीचे निरीक्षण मार्मिक आहे, तथापि निष्कर्षाशी मी सहमत नाही. नेपोलियन थांबला तो प्रेमापोटी, असे मानायला आधार कुठे आहे? त्याला सत्ता हवी होती. कोलो नावाच्या सावकाराने त्याला त्या दिवसांत समजावले होते की आज सगळ्या देशाचे लक्ष तुमच्याकडे लागले आहे, अशा वेळी बायकोच्या भानगडीवरून स्वतःचे हसे करून घेऊ नका. ती नकोच असेल तर तिला नंतर दूर करा. हेही बूरिएननेच नोंदवले आहे. डिरेक्टरीचा आणखी एक सदस्य बारास आणि गोइए यांच्याशी जोसेफिनचे घरोब्याचे संबंध होते आणि डिरेक्टरी उलथून सत्ता घेण्याच्या उठावासाठी ते उपयोगी होते. समेटानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, उठाव झालाही. दार उघडले ते राजकारणाने, मुलांच्या रडण्याने नव्हे, असे माझे मत आहे.

धागाकर्ती :

हा आक्षेप येईल असे वाटलेच होते, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पण मग नंतरची दहा वर्षे कशी समजावून घ्यायची? उठाव यशस्वी झाल्यावर तिची राजकीय गरज संपली होती. तिच्या डोक्यावर कर्जाचा मोठा डोंगर होता. पॅरिसजवळची मालमेझोंची मालमत्ता तर तिने तो इजिप्तमध्ये असताना, १७९९ च्या एप्रिलमध्ये, बहुतांश उधारीवर घेतली होती. ही देणी त्यानेच फेडली. १८०४ मध्ये राज्याभिषेक ठरला तेव्हा त्याच्या भावाबहिणींनी तिला दूर करण्यासाठी पुन्हा जोर लावला होता, तरीही २ डिसेंबरला नोत्र दामच्या देवळात त्याने स्वतःच्या हातांनी तिच्या मस्तकावर मुकुट ठेवला. कोलोचा सल्ला पाळायचा असता तर ती संधी होती.

शिवाय त्या काळातील लग्नात हिशेब आणि माया यांना वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाही. माणूस बायकोला स्वीकारतो तेव्हा तिची मुले, तिचे ऋणानुबंध, तिचे कर्ज आणि तिच्या ओळखीपाळखी असे सगळेच स्वीकारतो. यूजेनवर त्याचा खरोखर जीव होता आणि यूजेन शेवटपर्यंत त्याच्याशी निष्ठेने राहिला. दार उघडताना त्याच्या मनात उठाव असेलही. पण दाराबाहेर उभा असलेला मुलगा इजिप्तच्या मोहिमेत त्याच्या शेजारी राहून लढला होता, पॅलेस्टाइनमधील अक्का शहराच्या वेढ्यात जखमी झाला होता, हेही त्याच्या मनात असणारच.

प्रतिसाद ३ :

वरच्या चर्चेत एक व्यक्ती कोणालाच आठवली नाही, ती म्हणजे पॉलीन फुरेस. एका लेफ्टनंटची ही तरुण पत्नी सैनिकाच्या वेषात नवऱ्यासोबत इजिप्तला गेली होती. शार्लविषयी कळल्यानंतर नेपोलियनने तिला जवळ केले आणि तिच्या नवऱ्याला खलिते देऊन फ्रान्सकडे पाठवून दिले. वाटेत ब्रिटिशांनी त्याचे जहाज पकडले आणि त्याला मुद्दाम परत इजिप्तला सोडले. त्या जोडप्याचा घटस्फोट झाला. सेनापती मात्र ऑगस्ट १७९९ मध्ये तिला मागे ठेवून निघून आला.

म्हणजे ज्या रात्री जोसेफिन दाराबाहेर रडत होती, त्या रात्री दाराच्या आत बसलेला माणूसही तोच अपराध करून आलेला होता, आणि त्याने एका परक्याचा संसार मोडला होता तो वेगळाच. क्षमा मागण्याची पाळी मात्र एकटीवर आली. धागाकर्तीने वेगळे होण्याच्या वाटेविषयी लिहिले ते मला मान्य आहे, पण ती वाट दोघांसाठी सारखी उघडी होती का? कागदावर होती. प्रत्यक्षात छत्तीस वर्षांच्या, कर्जात बुडालेल्या, दोन मुलांच्या आईला घटस्फोटानंतर काय उरले असते? तिने आयुष्यात उपासमारीची भीती आणि वधस्तंभाची सावली दोन्ही पाहिली होती. तिच्या रडण्यात पश्चात्ताप किती आणि धास्ती किती, हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते.

यापुढे नेपोलियनने हीच विषमता कायद्यात उतरवली, हे मला अधिक टोचते. १८०४ च्या नागरी संहितेनुसार पत्नीच्या व्यभिचारावरून पतीला घटस्फोट मागता येत असे. पत्नीला मात्र पतीने आपली रखेल राहत्या घरातच आणून ठेवली असेल तरच तो अधिकार होता. कलम २२९ आणि २३० एकाखाली एक ठेवून वाचली की ऑक्टोबरमधल्या त्या दाराच्या दोन बाजू दिसतात. ज्या कादंबरीत हे येणार नाही ती मला अपुरी वाटेल.

प्रतिसाद ४ :

वरील प्रतिसाद अतिशय आवडला. समेटानंतर दोघांची बाजू उलटी होते, हेही त्याला जोडून सांगावेसे वाटते. १७९६ मध्ये तो पत्रासाठी व्याकूळ होता आणि ती बेफिकीर होती. १७९९ नंतर तिने शार्लशी संबंध तोडले, ती त्याच्याशी प्रामाणिक राहिली, आणि तो मात्र गायिका ग्रासिनी हिच्यापासून पुढे अनेक जणींत रमत गेला. मत्सराने आता ती कासावीस होऊ लागली. जुने प्रेम परत आले असे म्हणण्यापेक्षा त्याच दोन माणसांचे दुसरे लग्न सुरू झाले, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते. प्रेमकथा लिहिणारे बहुधा पहिलीच ज्योत पुन्हा पेटवायला जातात आणि तिथेच कथा खोटी पडते.

प्रतिसाद ५ :

तुलनेसाठी त्याच काळातील इंग्लंडचे उदाहरण देतो, कारण इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा बहुतेक तिथेच घडतात. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना हिला तिचा प्रियकर, तरुण राजकारणी चार्ल्स ग्रे याच्यापासून दिवस गेले. ड्यूकने तिला परदेशी धाडले, आणि १७९२ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेली मुलगी तिला ग्रेच्या आईवडिलांच्या स्वाधीन करावी लागली. ग्रेचा नाद सोड, नाहीतर तुझी तीन मुले पुन्हा दिसणार नाहीत, अशी पतीची अट होती. १७९३ मध्ये ती परत आली, संसार पुढे चालला आणि पुढील वर्षांत नात्यात काहीसा ओलावाही आला.

इंग्लंडमध्ये १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. दीडशेहून अधिक वर्षांत असे सुमारे सव्वातीनशेच कायदे झाले आणि त्यांत स्त्रियांच्या अर्जावरून झालेले फक्त चार होते. जॉर्जियाना परतली ती मुलांसाठी, कारण वेगळ्या झालेल्या आईचा मुलांवर कायद्याने हक्क नव्हता. धागाकर्तीची कसोटी येथे लावली तर या पुनर्मीलनाला प्रेमकथा म्हणणे अवघड जाते. चांगली कथा म्हणता येईल, पण तिचा विषय आईपणाची किंमत हा असेल.

प्रतिसाद ६ :

ही कसोटी आपल्याकडच्या एका खटल्यालाही लागू पडते, म्हणून थोडक्यात लिहिते. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की पत्नी रखमाबाई यांनी नांदायला यावे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई त्यांच्याकडे कधी नांदायला गेल्याच नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. जे सहजीवन सुरूच झाले नाही ते पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा देणार, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. पतिपत्नींना एकत्र आणण्याला कथेत नेहमीच शुभ मानले जाते. रखमाबाईंच्या बाबतीत न येणे हाच न्याय होता, हे ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

प्रतिसाद ७ :

सर्व प्रतिसाद वाचले. माझी एकच शंका आहे. या कादंबरीचा शेवट कुठे करणार? १८०९ मध्ये वारसासाठी नेपोलियनने जोसेफिनला सोडलेच. १५ डिसेंबरला तुइलरीच्या राजवाड्यात भरलेल्या कौटुंबिक सभेत तिला स्वतःच्या संमतीचे निवेदन वाचून पुरे करता आले नाही, ते दुसऱ्याने वाचले. हे सर्व वाचकाला आधीच ठाऊक असते. मग १७९९ चा समेट त्याला निष्फळ वाटणार नाही का?

धागाकर्ती :

निष्फळ वाटू नये यासाठीच कायद्याकडे पुन्हा वळावे लागते. १८०९ पर्यंत नेपोलियनच्या स्वतःच्या संहितेनेच त्याची वाट अडवली होती. पत्नीचे वय ४५ झाले की परस्परसंमतीचा घटस्फोट मिळत नसे, आणि जोसेफिन तोवर ४६ वर्षांची झाली होती. लग्नाच्या दाखल्यातले वय धरले तर मात्र ४२ ची. १८०६ च्या नियमावलीने सम्राटाच्या कुटुंबीयांना घटस्फोटाची मनाईही केली होती. अखेर सिनेटच्या खास ठरावाने लग्न विसर्जित करावे लागले. १७९९ मध्ये सहज सुटता येत असताना तो थांबला आणि १८०९ मध्ये सुटणे अवघड असताना त्याने ते घडवून आणले. वाचकाला दोन्ही गोष्टी ठाऊक असतील तर पहिल्या निर्णयाचे वजन वाढते.

प्रतिसाद ३ मधील आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारते. दाराच्या आतील माणसाची कथा सांगताना कैरोतील पॉलीनचे प्रकरण दारापूर्वी यायलाच हवे, म्हणजे दार उघडताना वाचकाला दोघेही सारखे दोषी दिसतील.

शेवट मात्र मी १८०९ पर्यंत नेणार नाही. ९ नोव्हेंबरच्या सकाळी, म्हणजे उठावाच्या दिवशी, जोसेफिनने गोइए दांपत्याला सकाळी आठ वाजता न्याहारीला बोलावले होते. बेत असा की डिरेक्टरीचा अध्यक्ष ऐन वेळी बोनापार्टच्या घरात अडकून राहावा. आदल्या रात्री हे आमंत्रण घेऊन यूजेन गेला होता. इतक्या अवेळी बोलावणे कसले, असा गोइएला संशय आला आणि त्याने एकट्या बायकोला पाठवले. नेपोलियन उतरल्याची बातमी जिने याच गोइएच्या घरी जेवताना ऐकली आणि जी घाबरून रस्त्याला लागली, तीच स्त्री महिन्याभरात नवऱ्याच्या सर्वांत धोक्याच्या डावात भागीदार झालेली आहे. डाव फसला असता तर तिचीही मान गेली असती. या दोघांचे सूत पुन्हा कितपत जुळले होते, हे त्या न्याहारीच्या टेबलावर गोइएच्या पत्नीसमोर बसलेल्या जोसेफिनच्या संभाषणातून दाखवता येईल, आणि कादंबरीचे शेवटचे प्रकरण तेच असावे असे माझे मत आहे.